मंजुरीवर आणलेला नमुना

सोमवार, ३ तारीख

कुत्रा आणला. आणला म्हणजे ताब्यात घेतलेला नाही, एकवीस दिवसांच्या मंजुरीवर आणलाय. पसंत पडला तर सही, नाही तर परत. प्राण्यांच्या संस्थेच्या बाईंना हे मी तीनदा बजावून सांगितलं. त्या हसल्या. त्यात हसण्यासारखं काय होतं कोण जाणे.

चौतीस वर्षं मी कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. खिळा असो की मोटार, तपासल्याशिवाय आत घेतली नाही आणि सही घेतल्याशिवाय बाहेर दिली नाही. प्रत्येक डब्यावर चॉकने खूण करायचो म्हणून माझ्या पाठीमागे मला सगळे चॉकसाहेब म्हणायचे. त्यांना वाटायचं मला माहीत नाही. मला सगळं माहीत असायचं.

मला राखणीचा कुत्रा हवा होता. आमची ही आठ महिन्यांपूर्वी मुलीकडे चार दिवसांसाठी म्हणून गेली, ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. मी बाहेर पडलो की घर रिकामं. गेल्या महिन्यात साखरेच्या डब्यावरची खूण दोनदा सरकलेली दिसली. मी सरकवली नाही, मग कोणी? म्हणून कुत्रा. आणि यांनी काय दिलं, तर हे ध्यान! मातकट रंग, एक कान उभा, एक पडलेला, शेपूट पोटाखाली. घरात शिरला तो थेट जेवणाच्या टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून. भुंकणं सोडाच, श्वाससुद्धा जपून घेतो. खराब माल माझ्या गळ्यात मारलाय, दुसरं काय.

बाईंनी एक खाकी पाकीट दिलं. "काका, यात त्याची सगळी हकीकत आहे. आजच शांतपणे वाचा हं." मी इतका भोळा नाही. मंजुरीवर आलेल्या मालाचं पाकीट फोडलं की माल स्वीकारला असं धरतात, हा स्टोअरचा नियम. पाकिटाच्या तोंडावर आडवी सही केली, तारीख घातली आणि कपाटात ठेवलं. परत करताना सील जसंच्या तसं दाखवता येईल.

मंजुरी होईपर्यंत याचं नाव नमुना.

मंगळवार, ४ तारीख

माझ्यासमोर खात नाही. वाटी पुढे सरकवली तर भिंतीत शिरायला बघतो. मी पाठ फिरवून पेपर वाचत बसलो, तेव्हा मागे चाटण्याचा आवाज. वळलो तर पुन्हा ढिम्म, जसं काही घडलंच नाही. चोरून खायची सवय आहे. लिहून ठेवतोय.

गुरुवार, ६ तारीख

महत्त्वाची नोंद. किल्ल्यांचा जुडगा हातात घेतला की याला कापरं भरतं. आज मुद्दाम तीन वेळा करून पाहिलं. जुडगा उचलला, थरथर. ठेवला, थोडा शांत. उचलला, पुन्हा थरथर, आणि तिसऱ्यांदा तर जागेवरच ओलं केलं. फरशी मलाच पुसावी लागली.

माझा अंदाज असा की हा एखाद्या घरफोड्याच्या हाताखाली तयार झालेला आहे. किल्लीचा आवाज आला, म्हणजे मालक आला, पळा! असंच शिकवलेलं असणार. संस्थेला हे माहीत असणार आणि ते कानावर हात ठेवणार.

तरी मी माझा नेम चुकवला नाही. सकाळी दहाला फेरी, संध्याकाळी पाचला फेरी. बाहेरून कडी, कडीला कुलूप, कुलपाला तीन हिसके. दहा पावलं जायचं, परत यायचं, आणखी एक हिसका. चौतीस वर्षांत माझ्या स्टोअरमधून एक वॉशर गेला नाही तो उगाच नाही.

शनिवार, ८ तारीख

शेजारच्या शिलाईवाल्या बाईंनी जिन्यात गाठलं. त्यांचं मशीन आमच्या भिंतीला लागूनच आहे, दिवसभर खडखडत असतं. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही गेलात की ते पोर रडतं हो. भुंकत नाही, नुसतं कण्हतं. तुम्ही येईपर्यंत."

मी म्हटलं, "मशीन चालू असताना तुम्हाला कण्हणं बरं ऐकू येतं."

"मशीन बंद करून ऐकते," त्या म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. "मला सवय आहे त्या भिंतीची. वहिनी होत्या तेव्हाही..." आणि तिथेच थांबल्या. ब्लाउजचं माप द्यायला कोणी आलंय म्हणून आत गेल्या.

अर्धवट बोलणारी माणसं मला आवडत नाहीत. बोलायचं तर पूर्ण बोला. मी गेल्यावर या बाई भिंतीला कान लावून का बसतात? कुठेतरी पाणी मुरतंय.

रविवार, ९ तारीख

मुलीचा फोन. कुत्रा कसा आहे, खातो का, झोपतो का. मग म्हणाली, "बाबा, आई विचारतेय, तुम्ही अजून कुलूप लावून जाता का?"

"मग काय दार सताड उघडं टाकून जाऊ? आणि तिला विचारायचं तर तिने फोनवर यावं."

ती आली नाही. मुलीने तिचे कान भरलेत, याबद्दल मला शंका नाही.

कुलपाचं इथे एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी वाकडं बोलायला नको. नऊ वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत भरदिवसा चोरी झाली. मीटर बघायला आलोय सांगून दोघं आत शिरले. आमची ही भोळी, कोणीही दार वाजवलं तर उघडणार आणि वर पाणी विचारणार. तेव्हापासून मी कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायला लागलो. ती आत, कुलूप बाहेर, मी निर्धास्त. रिटायर झाल्यावरही फेरीला जाताना तोच नेम. सगळं तिच्याच काळजीपोटी. पहिल्या वर्षी एकदा तिने दुसरी किल्ली मागितली होती. पण बाहेरच्या कुलपाला आतून किल्ली काय कामाची? तसं मी तिला समजावलं, तिला पटलं. त्यानंतर एका शब्दाने तक्रार नाही.

आठ महिन्यांपूर्वी दूध उतू गेलं आणि ओट्याजवळच्या पडद्याने पेट घेतला. मी फेरीला गेलो होतो. परत आलो तेव्हा घरभर धूर, आणि ही खिडकीचे गज धरून उभी. तिने स्वतःच पाणी ओतून विझवलं होतं. नुकसान काही नाही, एक पडदा आणि एक पातेलं. मी एवढंच विचारलं, "दूध उतू गेलंच कसं?"  दोन दिवसांनी ती मुलीकडे गेली.

बुधवार, १२ तारीख

आज सापळा लावला. निघण्यापूर्वी दारापासून खिडकीपर्यंत फरशीवर पीठ भुरभुरलं, चाळणीने, अगदी पातळ थर. मी नसताना कोण घरात येतं ते बघूच म्हटलं. बुटाचा ठसा उमटला की चोर सापडला.

दोन तासांनी आलो. बुटाचा ठसा एकही नाही. ठसे सगळे नमुन्याचे. दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, पुन्हा खिडकी, पुन्हा दार, एकावर एक इतके की मधे पायवाट पडलेली. दारापाशी तर पीठच उरलं नव्हतं. टेबलाखाली, वाटीकडे, बिछान्याकडे एक पाऊल नाही. दोन तासांत हा क्षणभर बसलेला नाही.

यावरून उघड आहे की बाहेरून त्याला कोणीतरी हाका मारत होतं, आधी दारातून, मग खिडकीतून. शिलाईवाल्या बाईंवर लक्ष ठेवायला हवं.

पीठ झाडताना खिडकीपाशी फरशीत दोन खळगे दिसले, त्यांत पीठ भरून बसलं होतं. हिची खुर्ची वर्षानुवर्षं तिथेच असायची. बाहेर बघत बसायची तिला भारी हौस.

शनिवार, १५ तारीख

तीन दिवस सर्दीने हैराण. नाक चोंदलेलं, अंग ठणकतंय, बाहेर पडलो नाही. दूध आणि अंडी शिलाईवाल्या बाईंनी आणून दिली. का दिली, ते कळेलच.

या तीन दिवसांत नमुना बराच सुधारला. गुरुवारी टेबलाबाहेर डोकं काढलं. काल माझ्यादेखत खाल्लं. आज मी आरामखुर्चीत डोळे मिटून पडलो होतो, तर पायाला काहीतरी गरम लागलं. हलकेच बघितलं. माझ्या चपलेवर हनुवटी टेकून झोपला होता, घोरत. मी पाय हलवला नाही. मुंग्या आल्या तरी नाही हलवला.

हा मला पाघळवायला बघतोय हे मी ओळखून आहे. उकडलेल्या अंड्याचा परिणाम असणार. अंडं चालू ठेवावं.

मंगळवार, १८ तारीख

बरं वाटलं म्हणून पाच दिवसांनी फेरीला गेलो. नेमाप्रमाणे कुलूप, तीन हिसके, दहा पावलं, एक हिसका. परत आलो तर दाराचा आतला रंग खालपर्यंत खरवडलेला, फरशीवर रक्त. दोन नखं उलटलेली. मला पाहून पळाला नाही, आला नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून बसला.  आयोडीन लावताना चावेल म्हणून हातावर टॉवेल गुंडाळला होता. चावला नाही. चावला असता तर बरं वाटलं असतं.

मग डोकं फिरलं. शेजारचं दार वाजवलं आणि म्हटलं, "तुम्ही काय करता मी गेल्यावर? का छळता त्या मुक्या जनावराला?"

बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी एकेक काढून उशीला टोचली. मग म्हणाल्या, "भाऊ, मी भिंतीवर टकटक करते. आतल्याला वाटावं, कोणीतरी आहे म्हणून. आधीही करायचे. त्यापलीकडे काय करणार, किल्ली तर तुमच्याच कमरेला!"

आधीही म्हणजे कधी, हे मी विचारलं नाही. रागात होतो.

घरी येऊन संस्थेला फोन लावला. सांगितलं, माल नापास, सोमवारी येऊन घेऊन जा.

रविवार, २३ तारीख

चार दिवस बाहेर पडलो नाही. नखं भरत आलीत. आज याने शेपूट हलवली. पूर्ण नाही, टोकाशी दोन बोटं. मी पेपर वाचत असल्याचं दाखवलं.

उद्या बाई येणार. वाटी घासून ठेवली. तिच्याभोवती चॉकने गोल काढलेला होता तो पुसायला घेतला, मग राहू दिला. खरं लिहायचं तर आज जेवण गेलं नाही. माल परत करताना मला आजवर कधी असं झालेलं नाही.

सोमवार, २४ तारीख

बाई अकराला आल्या. मी सगळ्या नोंदी वाचून दाखवल्या. किल्लीची थरथर, घरफोड्याचा संशय, पिठावरचे ठसे, दार. त्या ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलत गेला. शेवटी म्हणाल्या, "काका, पाकिटातलं वाचलंत ना?"

"नाही," मी म्हटलं, आणि कपाटातून काढून पुढे ठेवलं. "सील शाबूत आहे. ही बघा सही, ही तारीख."

बाईंनी माझ्या सहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्यादेखत पाकीट टर्रकन फाडलं.

याचे आधीचे मालक भाड्याच्या घरात राहायचे. एक दिवस सामान भरून निघून गेले आणि जाताना याला आत ठेवून बाहेरून कुलूप लावलं. अकरा दिवस. बाराव्या दिवशी घरमालकाने कुलूप तोडलं. मोरीतला नळ गळत होता, तेवढ्यावर जगला. दाराचं लाकूड आतून खरवडून पातळ झालं होतं. दुसऱ्या पानावर, खाली दोन रेघा मारून लिहिलंय, 'बाहेरून कुलूप लावल्याचा आवाज याला कधीही ऐकू येऊ देऊ नका.'

मी ऐकवला. दिवसातून दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीला चार हिसके. आणि वर घरी येऊन नोंदी केल्या.

"अकरा दिवस भुंकला नाही का?" मी विचारलं. "आजूबाजूला कोणाला कळलं कसं नाही?"

"आधी भुंकला असेल हो. मग थांबला असेल," बाई म्हणाल्या. "चला, याला घेऊन जाऊ ना?"

नमुना टेबलाखालून बाहेर आला होता आणि माझ्या चपलेवर बसला होता. मी म्हटलं, "फॉर्म द्या." सही केली. शेरा म्हणून रकाना होता, त्यात लिहिलं, मालात दोष नाही.

मंगळवार, २५ तारीख

मुलीला फोन केला. म्हटलं, आईला दे. ती नाही म्हणाली तर कुत्र्याविषयी बोलायचंय म्हणून सांग.

आली. आठ महिन्यांनी आवाज ऐकला. मी घाईघाईने नमुन्याची सगळी हकीकत सांगितली, भाड्याचं घर, कुलूप, गळका नळ. मधे एकदाही तिने हं म्हटलं नाही. फोन चालू आहे ना, असं मीच दोनदा विचारलं.

"ओरडला नाही का तो?" तिने विचारलं.

"आधी ओरडला असेल. मग थांबला."

"हं," ती म्हणाली. "थांबतो माणूस."

"अगं माणूस काय, कुत्रा," मी म्हटलं.

पलीकडे तिने भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "दूध ठेवलंय गॅसवर," आणि फोन ठेवला.

 खिडकीतून ऊन आत आलं होतं, फरशीतल्या त्या दोन खळग्यांत अजून थोडं पीठ होतं. नमुना तिथे जाऊन बसला, बाहेर तोंड करून, अगदी त्याच जागी.

तिने तक्रार केली नाही असं मी या वहीत लिहिलंय, ९ तारखेला. तीच माझी नोंद आता वाचवत नाही. मी चुकलो. नऊ वर्षं चुकलो, आणि दूध उतू गेलंच कसं, हे तिलाच विचारलं. देवा, काय केलं मी हे.

गुरुवार, २७ तारीख

सुतार आला. बाहेरची कडी काढायला सांगितली तर म्हणाला, "चांगली मजबूत आहे की, कशाला काढताय?" मी म्हटलं, म्हणूनच काढ. तिच्या जागी लॅच बसवलं. दार ओढलं की आपलं आपण लागतं, आवाज टिचकीएवढा, आणि आतून मूठ फिरवली की कोणालाही उघडता येतं. जुनं कुलूप सुताराला देऊन टाकलं.

मग सराव. बाहेर गेलो, लगेच आत. नमुना उभा. पुन्हा बाहेर, पाच आकडे मोजले, आत. मग दहा. मग जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत. परत येऊन लॅच ओढून बघायला हात शिवशिवत होता. खिशात घालून ठेवला. शिलाईवाल्या बाई त्यांच्या दारातून बघत होत्या. मी म्हटलं, "मी नसेन तेव्हा जरा टकटक करत जा." त्या म्हणाल्या, "करतेच की." मग मी म्हटलं, "त्या दिवशी बोललो त्याबद्दल माफ करा." त्या म्हणाल्या, "बरं," आणि मशीन सुरू केलं.

लॅचबरोबर दोन किल्ल्या आल्या. दुसरी पाकिटात घालून सील करणार होतो, लाखेचा डबासुद्धा काढला होता. मग मुलीला बोलावून तिच्या हातात दिली. म्हटलं, आईला दे.

"आणि पोच? सही घेऊ ना आईची?" मुलीने विचारलं. चेष्टा करत होती.

"नको," मी म्हटलं. तिची चेष्टा तिथेच थांबली.

रविवार, ३० तारीख

दुपारचे चार. मी आरामखुर्चीत, नमुना पायाशी. बाहेर पावलं वाजली आणि थांबली. त्याचे दोन्ही कान उभे राहिले, पडका कानसुद्धा.

मग लॅचमध्ये किल्ली फिरली. बाहेरून. या घरात मी आत असताना दुसऱ्याच्या हातून किल्ली फिरल्याचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. मी खुर्चीत ताठ बसलो. कोण असेल हे माहीत असूनसुद्धा. नमुना टेबलाखाली गेला नाही. माझ्या पायाला घट्ट चिकटला, आणि आम्ही दोघंही दाराकडे बघत राहिलो.

दार उघडलं. ही उंबऱ्याबाहेर उभी होती, हातात किल्ली, खांद्याला छोटी पिशवी. बारीक झालीय. आत आली नाही. आधी लॅचकडे बघितलं. मग दाराच्या बाहेरच्या बाजूला, जिथे कडी होती तिथे, उरलेल्या चार भोकांवरून बोट फिरवलं, चारही.

"किल्ली लागते का बघायला आले," ती म्हणाली.

"लागली की."

"आतून?"

मी उठून दार लावून, मूठ फिरवून दाखवणार होतो. तिने हात केला. "तुम्ही नका. मी बघते." आत आली, दार ओढून घेतलं, मूठ फिरवली, दार उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदाही. तीन वेळा तपासलं तिने.

मग दार तसंच उघडं ठेवून ती उंबऱ्यावरच बसली, पाय बाहेर सोडून. राहणार का, किती दिवस, काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. नमुना उठला, थांबत थांबत तिच्यापर्यंत गेला आणि तिच्या हातातली किल्ली हुंगली. तिने ती मुठीत घट्ट धरली आणि दुसऱ्या हाताने त्याची मान खाजवली.

"याला नाव काय ठेवलंय?" तिने विचारलं.

म्हटलं, अजून ठेवायचंय, तूच सांग. ती विचार करत बसली. मी दूध तापत ठेवलं आणि ओट्यापाशीच उभा राहिलो.